ज्याला विचारता येत नाही



आपल्या भाषेने सरड्याला फारसा न्याय दिलेला नाही. घडीघडीला मत फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो. एखाद्याची कुवत तोकडी आहे असे सांगायचे झाले, तर सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे म्हणून मोकळे होतो. मीही याला अपवाद नव्हतो. मंडळीत अधूनमधून उपदेश करण्याचा प्रसंग येई, तेव्हा ढोंगीपणावर बोलताना हा रंग बदलणारा प्राणी माझ्या हाताशी तयार असे. श्रोते हसत, माना डोलावत आणि विषय चांगला मांडल्याचे समाधान मला लाभे. ज्याची मी इतकी वर्षे उपमा दिली, तो प्राणी मी जवळून कधी पाहिलाही नव्हता. तो पाहण्याचा योग आला तो फार दूरच्या देशात, आणि तोही त्याच्या आजारपणात. त्या आजाराने माझ्यापुढे काही प्रश्न उभे केले. त्यांची पुरी उत्तरे मला सापडली आहेत असा माझा दावा नाही. पण ते प्रश्न आपणांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

माझी मुलगी व जावई अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतात. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. माझ्या बारा वर्षांच्या नातीला वाढदिवसाची भेट म्हणून एक शॅमेलिऑन मिळाला होता. आपल्याकडे काही भागांत ज्याला घोयरा सरडा म्हणतात, त्याच कुळातील हा प्राणी. जात मात्र निराळी. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेली ही जात मूळची येमेन आणि त्याला लागून असलेल्या सौदी अरेबियाच्या प्रदेशातील. अमेरिकेत तिची पैदास बंदिवासात होते आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ती सहज विकत मिळते. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेले, आणि घरातील एका कोपऱ्यात जाळीच्या उंच पिंजऱ्यात, विजेच्या दिव्याखाली, अरबस्तानच्या डोंगरातील तो हिरवा जीव फांदीला धरून बसलेला, असे ते दृश्य होते.

मिटलेला डोळा

या प्राण्याचे डोळे म्हणजे सृष्टीतील एक नवल आहे. वरची व खालची पापणी एकमेकींना जुळून त्यांचा शंकू झालेला असतो, आणि शंकूच्या टोकाशी बाहुलीपुरते बारीक छिद्र असते. हे दोन शंकू परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरतात; एक डोळा छताकडे पाहत असता दुसरा पायाखालची फांदी न्याहाळू शकतो. भक्ष्य दिसले की मात्र दोन्ही डोळे एकाच दिशेला वळून स्थिरावतात आणि शरीराच्या लांबीहूनही दूर जाणारी जीभ क्षणार्धात सुटते. अंतर ओळखण्यासाठी आपण बऱ्याच अंशी दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरकावर विसंबतो. शॅमेलिऑन मात्र, छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्याचे भिंग जुळवतो त्याप्रमाणे, डोळ्यातील भिंगाच्या जुळणीवरून अंतर ताडतो. 1977 साली त्याच्या डोळ्यांपुढे भिंगे बसवून केलेल्या प्रयोगांतून हे दिसून आले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याशी पुढे संबंध येणार आहे.

एका सकाळी नातीच्या लक्षात आले की त्याचा डावा डोळा मिटलेला आहे. तो नेहमीप्रमाणे दिव्याखाली ऊब घेत बसला होता, पण तो डोळा उघडत नव्हता. ज्या दुकानातून त्याला आणले तेथे विचारले, तर 'झोप येत असेल' असे उत्तर मिळाले. ते उत्तर आम्हांला सोयीचे होते, म्हणून आम्ही मानले. खरे पाहता निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. दिवसा मिटलेला डोळा हेच गंभीर दुखण्याचे लक्षण असते. शिवाय हा प्राणी आपले दुखणे शक्यतो दिसू देत नाही. रानात दुबळेपणा उघड करणे म्हणजे शिकाऱ्याला बोलावणे होय. त्यामुळे आजार आपल्या नजरेस येतो, तोवर तो पुष्कळ पुढे गेलेला असतो. आमचे दोन आठवडे असेच गेले. डावी पापणी सुजून वाटाण्याएवढी वर आली, उजवा डोळाही अर्धवट मिटू लागला, आणि त्याने खाणे सोडले. दिसतच नसेल तर भक्ष्य टिपायचे कसे?

अखेर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे आम्ही त्याला नेले. त्यांनी डोळ्याकडे पाहण्याआधी आम्हांलाच प्रश्न विचारले. हा काय खातो? रातकिडे, आम्ही म्हणालो. आणि ते रातकिडे काय खातात? यावर कोणालाच काही सांगता येईना. दुकानातून डबा येई, आणि तो संपेपर्यंत त्यातील किडे जवळजवळ उपाशीच असत. त्यांना हिरवा पाला वा गाजर घालायचे असते, त्यांच्या पोटातूनच या प्राण्याला जीवनसत्त्वे मिळतात, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. दिवा किती जुना आहे? तोही कोणाला आठवेना. उजेड तर लख्ख पडत होता. तेव्हा त्यांनी सांगितले की अशा दिव्याचा उजेड कायम राहिला तरी त्यातील अतिनील किरण काही महिन्यांत क्षीण होत जातात, आणि ते आपल्या डोळ्यांना कळत नाही. आपल्यातला प्रकाशच अंधार असला तर काय, असा इशारा प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दिला आहे (मत्तय 6:23). तो मी कितीदा वाचला होता! आज तो एका पिंजऱ्यातील दिव्याच्या रूपाने माझ्यासमोर लटकत होता.

निदान असे झाले की अ जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळे पापण्यांच्या आतील अस्तर जाड व कोरडे पडले, त्यात जंतूंचा शिरकाव झाला आणि आत पू साचला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा वाहून जात नाही. तो पनीरासारखा घट्ट होऊन बसतो, त्यामुळे औषध आतवर पोहोचत नाही आणि तो बहुधा शस्त्राने काढावा लागतो. डावा डोळा आतून नासला होता. उजव्याची आशा होती.

पाप कोणाचे?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने त्या प्रश्नातील दोन्ही पर्याय नाकारले. दुःखी माणसासमोर उभे राहून त्याच्या पापाचा हिशेब मांडणे किती क्रूरपणाचे असते, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजारपण आले आहे त्यांना सांगायला नको.

परंतु पिंजऱ्यातील प्राण्याच्या बाबतीत तो प्रश्न असा बाजूला सारता येत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. ते कुंपण कोणी घातले, हे मात्र म्हणीत सांगितलेले नाही. रानातला शॅमेलिऑन आपल्या मर्जीने ऊन घेतो, सावलीत जातो, पानांवरचे दंव पितो आणि नाना प्रकारचे किडे टिपतो. आमच्या घरातल्या या प्राण्याचा सूर्य आमच्या बोटाखालच्या बटणावर उगवत होता. पाऊस आमच्या हातातील फवाऱ्यातून पडत होता. आणि त्याचे ताट आम्ही वाढू तेवढेच. ज्याच्या सगळ्या जगाचे आपण पालक झालो, त्याच्या डोळ्यांत पू झाला तर पाप कोणाचे, हे विचारावेच लागते आणि उत्तरही द्यावे लागते.

नातीने ते उत्तर माझ्याआधी शोधले होते. त्या रात्री ती म्हणाली, "आजोबा, मीच त्याला आंधळं केलं ना?"

नाही, असे म्हणणे मला सोपे होते. आजोबांच्या तोंडून तिला तेच ऐकायचे होते. पण ते खरे नव्हते, आणि मुलांशी सांत्वनासाठी खोटे बोललेले त्यांना लवकर कळते. मी म्हणालो, "आपण सगळ्यांनी, बाळ. आता आपण सगळे मिळून त्याचं बघू."

वाचकहो, कोणी त्याचा द्वेष केला नव्हता. उलट सर्वांचा तो लाडका होता. त्याचे फोटो काढले जात, पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवला जाई. आम्ही त्याच्याकडे रोज पाहत होतो आणि तो आम्हांला दिसत नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढण्याविषयी प्रभूने जे सांगितले (मत्तय 7:3-5), ते मी नेहमी परनिंदेच्या संदर्भात वाचत आलो. या प्रसंगी ते अक्षरशः वाचावे लागले. आमची नजर साफ झाल्याखेरीज त्या बिचाऱ्याचा डोळा साफ होणार नव्हता.

अपराधाची जाणीव झाली म्हणजे सेवा आपोआप शहाणी होते, असेही नाही. नातीला वाटे, डॉक्टरबाईंनी दिलेले जीवनसत्त्वाचे थेंब दुप्पट द्यावेत म्हणजे तो लवकर बरा होईल. परंतु अ जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठून राहते; त्याचा अतिरेक झाला तर तेच विष होते. डॉक्टरबाईंनी तिला बजावून सांगितले की मात्रा त्याच्या वजनावर ठरते, तुझ्या दुःखावर नव्हे. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले. आपण आपल्या माणसांवर कितीदा तरी उपचार करतो ते आपल्या अपराधाच्या वजनाप्रमाणे.

अत्तराचा हिशेब

शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घरात शांतता पसरली. जावई हळूच म्हणाले, "बाबा, एवढ्या पैशात आपल्याकडच्या एखाद्या मुलाचं वर्षाचं शिक्षण होईल."

बेथानीच्या घरात मरियेने प्रभूच्या चरणांना बहुमोल अत्तर लावले, तेव्हा ते विकून तीनशे दीनार गरिबांना का दिले नाहीत, असे यहूदा इस्कर्योत म्हणाला (योहान 12:3-6). त्या प्रसंगाचा आधार घेऊन असे प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. यहूदाच्या मनात खोट होती, पण माझ्या जावयांच्या मनात नव्हती. गरिबाच्या मुलाचे शिक्षण आणि एका सरड्याचा डोळा यांत जो तोलून पाहतो, तो निष्ठुर नसतो. त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.

मला सुचलेले उत्तर असे की दान आणि देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रानातील अनोळखी सरड्यासाठी मी पैसे खर्च केले असते, तर ते दान झाले असते, आणि दान कोठे करावे याचा विचार करायला हवाच. पण हा प्राणी आम्ही विकत घेऊन कोंडला होता. स्वतःचे अन्न शोधण्याची त्याची शक्ती आम्ही काढून घेतली, तेव्हाच आम्ही त्याचे देणेकरी झालो. सावकाराचे पैसे बुडवून ते देवळात वा चर्चमध्ये वाहिले, तर ते अर्पण ठरत नाही. त्याचप्रमाणे ज्याला आपण पराधीन केले त्याचे देणे चुकवून केलेले परोपकार हे परोपकार नव्हेत.

यावर कोणी म्हणेल की असे तर प्रत्येक सुखवस्तू माणूस आपल्या छंदालाच देणे म्हणेल आणि गरिबाला वाटेला लावील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच खरा धडा असा की असले देणे अंगावर घेण्यापूर्वीच विचार करावा. आम्ही तो केला नव्हता. घेतलेले देणे फेडणे आणि नवे न घेणे, एवढे दोन मार्ग आमच्यापुढे होते. जावयांनी त्या उन्हाळ्यातील सहल रद्द केली, आणि तेवढीच रक्कम एका विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी भारतात पाठवली. याविषयी ते कधी कोणापाशी बोलले नाहीत. मला ते मुलीकडून कळले.

आणखी एक शंका माझ्या स्वतःच्या मनात होती. पवित्र शास्त्र पशूंवर दया करण्यास सांगते, हे खरे. नीतिमान मनुष्याला आपल्या जनावराच्या जिवाची जाणीव असते (नीतिसूत्रे 12:10); वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबलेले दिसले तरी हात लावावा (निर्गम 23:5); शब्बाथ असला तरी विहिरीत पडलेला बैल माणूस बाहेर काढतोच (लूक 14:5). पण गाढव, बैल, मेंढरू ही सगळी उपयोगाची जनावरे. शॅमेलिऑन ना दूध देतो, ना ओझे वाहतो, ना कुत्र्याप्रमाणे दारात वाट पाहतो. लेवीय 11:30 मध्ये तर सरपटणाऱ्या अशुद्ध प्राण्यांच्या यादीत सरड्यापालींची गणना आहे, आणि अनेक इंग्रजी भाषांतरांत त्याच यादीत शॅमेलिऑनचे नावही येते. मग त्याच्यासाठी एवढे का?

विचार करता लक्षात आले की अशुद्ध याचा अर्थ तुच्छ असा नव्हे. अशुद्ध ठरल्यामुळे तो बिचारा माणसाच्या ताटातून वाचला, एवढेच! उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात रांगणारे प्राणीही देवाला चांगले दिसले आहेत. जलप्रलयानंतरचा करार नोहाशी झाला, तसाच तारवातून निघालेल्या प्रत्येक जिवाशीही झाला (उत्पत्ती 9:9-10). आणि ईयोबाला देवाने उत्तर दिले, तेव्हा त्याला दाखवले ते रानगाढव, शहामृग, डोंगरातील बकऱ्या. म्हणजे माणसाच्या कोणत्याही उपयोगाला न येणारे, त्याला न जुमानणारे प्राणी (ईयोब 39). सृष्टीचा कारभारी नेमलेल्या मनुष्याला मालकाच्या वहीतील सगळ्याच नोंदींचा हिशेब द्यायचा आहे. ज्या नोंदींतून त्याला कमिशन मिळते, तेवढ्यांचाच नव्हे.

बार्तीमयाला विचारलेला प्रश्न

आजारपणात नातीने त्याचे नाव बदलून बार्तीमय ठेवले. संडे स्कूलमध्ये ऐकलेली यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या भिकाऱ्याची कथा तिच्या मनात होती. मला प्रथम ते रुचले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी जे सदन चालवले, त्याला याच बार्तीमयाचे नाव होते. ज्या नावाने इतक्या दुःखी भगिनींना आसरा दिला, ते एका सरड्याला द्यावे? पण मी काही बोललो नाही, आणि पुढे त्या नावानेच मला मुख्य प्रश्नापाशी आणून सोडले.

बार्तीमय आंधळा होता, हे येशूला दिसत होते. त्याला काय हवे असेल हेही उघड होते. तरीही प्रभूने त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे (मार्क 10:51). बरे करण्याआधी प्रभूने त्याला बोलू दिले. दुबळ्याचे भले करताना त्याची इच्छा विचारणे, हा त्याचा मान आहे.

आमच्या बार्तीमयाला विचारणार कसे? डॉक्टरबाईंनी तीन मार्ग सांगितले होते. डावा डोळा काढून टाकून उजव्यावर उपचार करावेत. अथवा नुसते वेदनाशामक देत राहावे. अथवा इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ द्यावे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे त्याला दिवसातून दोनदा पिंजऱ्याबाहेर काढणे, डोळा सलाईनने धुणे, औषध घालणे, तोंड उघडून भरवणे, हे सारे आले. एकट्याने राहणारा हा प्राणी. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा भासतो. आम्ही ज्याला सेवा म्हणत होतो, ती त्याच्या लेखी रोज दोन वेळचे संकट होते. हात जवळ जाताच तो काळसर पडे, अंग फुगवी, तोंड वासून फुसकारे. नातीने एकदा विचारले, "आजोबा, तो दुखतंय म्हणून काळा होतो, की माझा राग येतो म्हणून?" मला सांगता आले नाही.

ज्याला विचारता येत नाही, त्याच्या वतीने निर्णय घेताना आपण फसतो ते येथेच. त्याचे उत्तर म्हणून आपण आपलीच इच्छा वाचतो. आम्हांला तो हवा होता, म्हणून त्यालाही जगायचे आहे असे वाटे. मी सेवेने थकलो, की मला वाटे, किती हाल हे, सोडवावे याला. दोन्ही वेळा बोलत होतो मीच. त्याला जगवण्यामागे आमचा अपराध धुऊन काढण्याची धडपड नव्हती कशावरून? आणि त्याला मरू देण्यामागे आमची गैरसोय टाळण्याची घाई नव्हती कशावरून?

यावर डॉक्टरबाईंनी जो उपाय सांगितला तो साधा होता. त्या म्हणाल्या, तुम्हांला काय वाटते ते लिहू नका. तो काय करतो ते लिहा. सकाळी दिव्याखाली ऊब घ्यायला स्वतः जातो का? पानावरचे थेंब चाटतो का? फांदी घट्ट धरतो का? औषधानंतर किती वेळाने रंग परत येतो? नातीने वही केली. तीन आठवड्यांची मुदत ठरली. तेवढ्यात ऊब, पाणी आणि पकड यांत सुधारणा दिसली नाही, तर त्याला जाऊ द्यायचे, यावर घरातील सर्वांनी मान्यता दिली. त्या वहीएवढी प्रामाणिक प्रार्थना त्या घरात त्या दिवसांत दुसरी झाली नसेल. आमच्या इच्छा तिच्यात एका ओळीनेही आल्या नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. पशूविषयी असा निर्णय घेण्याची मुभा माणसाला आहे असे मी मानतो. माणसाविषयी ती नाही. देवाच्या प्रतिमेचा मनुष्य कोणाच्या वहीतील नोंदींवर जगत वा मरत नाही. पण पाहण्याची ती शिस्त मात्र माणसांच्या सेवेतही हवी. अर्धांगवायूने वाचा गेलेली आई, जन्मतः न बोलणारे मूल, विस्मृतीत हरवलेले वडील अशांच्या खाटेपाशी आपल्यापैकी कितीतरी जण बसतात. तेथे आपण त्यांना पाहतो, की आपली माया, आपला थकवा आणि आपला अपराधच त्यांच्या चेहऱ्यावर वाचत असतो?

रंगांची भाषा

डावा डोळा काढला गेला. टाके भरून आले. वहीत पहिला आठवडा वाईट होता, दुसरा बेताचा. तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी आपण होऊन दिव्याखाली जाऊ लागला आणि उजवा डोळा फिरू लागला. बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभूने हात लावला, तेव्हा त्याला प्रथम माणसे झाडांसारखी दिसली, आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर सर्व स्पष्ट झाले (मार्क 8:22-25). एका शब्दात बरे करणाऱ्याने तेथे दोनदा हात का ठेवला, याचे मला नेहमी कोडे वाटे. हळूहळू बरे होणेही त्याच्याच हातचे असते, एवढा बोध मी आता त्यातून घेतो.

अंतर ओळखायला शॅमेलिऑनला एक डोळाही पुरू शकतो, हे मी आरंभी सुचवले होते. तोच आमच्या आशेचा आधार होता. नातीने एका वाटीत रातकिडा ठेवला. बार्तीमयाने डोके वळवले, उरलेला डोळा त्यावर रोखला, बराच वेळ तोलून पाहिले आणि जीभ सोडली. नेम चुकला. दुसऱ्या दिवशीही चुकला. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी झाली. नात ओरडली नाही. त्याला दचकवायचे नाही, एवढे ती शिकली होती. तिने तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले.

त्यानंतर तो जवळजवळ तीन वर्षे जगला. या काळात तो एकदाही कोणाच्या हातावर आनंदाने आला नाही. त्याचे आभार मानणे आमच्या वाट्याला आले नाही. पण त्याची भाषा मात्र आम्ही थोडी शिकलो. 2015 साली जिनीव्हा येथील संशोधकांनी दाखवून दिले की शॅमेलिऑनच्या त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीअधिक होते आणि त्यामुळे रंग पालटतो. हा पालट मुख्यतः लपण्यासाठी नसून दुसऱ्या शॅमेलिऑनला आपला मनोभाव कळवण्यासाठी आणि ऊब राखण्यासाठी असतो, असे आता मानले जाते. म्हणजे पाहा, मी ज्याला ढोंग्यांचा शिरोमणी ठरवले होते, तो रंग बदलतो ते मनातले दडवण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी! भीती वाटली तर तो भ्यालेला दिसतो, शांत असला तर शांत. मनात एक आणि अंगावर दुसरेच, ही विद्या माणसाची.

हे वाचून कोणाला शॅमेलिऑन पाळण्याची हौस वाटली, तर माझे लिहिणे फुकट गेले असे मी समजेन. भारतात रानातील शॅमेलिऑन पकडणे वा घरी ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि तो कायदा मला योग्य वाटतो. आपल्याकडे घोयरा दिसला की पुष्कळदा विषारी समजून त्याला दगडाने ठेचतात. तो विषारी नाही. जखमी अवस्थेत कोठे आढळला, तर घरगुती औषधे न करता वन विभागाला किंवा वन्यजीवांच्या बचावाचे काम करणाऱ्यांना कळवावे.

बार्तीमय गेला तेव्हा मी भारतात होतो. फोनवर नातीचा आवाज स्थिर होता. दुसरा आणणार का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नको, आजोबा. त्याला विचारता येत नाही ना, आमच्याकडे यायचंय का म्हणून."

मी तेव्हापासून उपदेशात सरड्याची उपमा देणे सोडले आहे. ढोंगीपणावर बोलायचे असते तेव्हा माझ्यापाशी त्याहून जवळचे उदाहरण असते.